नेमाआधीची शिस्त

'शिस्त' हा शब्द आज शाळेच्या भिंतीवर, पालकांच्या तोंडी आणि राजकीय पक्षांच्या नोटिशीत आढळतो, पण मुळात तो धनुष्याचा आणि बंदुकीचा शब्द आहे. फारसीत 'शस्त' म्हणजे अंगठा. त्यावरून तिरंदाजाच्या अंगठ्यातली, दोरी ओढताना कातडी सांभाळणारी कडी, आणि तिच्यावरून नेम. 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे हा वापर जुन्या मराठीत रुळलेला होता; नीटनेटकेपणा, क्रम, वळण हे अर्थ याच शब्दाला येऊन चिकटले. एनसीसीच्या मैदानावर आजही नेम धरायला शिकवताना 'शिस्त लेना' असेच म्हणतात. पुण्याच्या बिबवेवाडीतल्या एखाद्या घरात परवान्याची नवी रायफल येते, तिच्यावर दुर्बीण बसवायची असते, पुढे दोन पायांचा टेकू लावायचा असतो. तेव्हा हे काम परदेशी पुस्तिकेतून आलेले, आपल्या मातीशी नाते नसलेले वाटते. मला ते तसे वाटत नाही. नेम हा चाप ओढण्याच्या क्षणी ठरत नाही, तो त्याआधी हत्यार टेकवताना आणि डोळा व नळी एका रेषेत आणताना ठरतो, ही समज या मुलखात फार जुनी आहे. शिस्त या शब्दाचा प्रवास त्याच समजेची खूण आहे.

आधी हे काम नेमके काय असते ते पाहू. दुर्बीण नळीच्या वर चार-पाच सेंटिमीटर बसते, म्हणजे डोळ्याची रेषा आणि गोळीची वाट या सुरुवातीपासूनच दोन वेगळ्या वाटा असतात. गोळी सुटल्याबरोबर खाली पडू लागते, म्हणून नळी डोळ्याच्या रेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली असते, आणि ठरवलेल्या एका अंतरावर दोन्ही वाटा एकमेकींना भेटतात. या भेटीलाच नेमबाज 'झिरो' म्हणतात. दुर्बीण धरणाऱ्या कड्या सारख्या दाबाने आवळल्या नाहीत तर दर धक्क्याला ती तसूभर सरकते आणि झिरो हरवतो. दुर्बिणीतली उभी रेघ खरोखर उभी नसली तर चूक अंतराबरोबर वाढत जाते. लष्करी काडतुसाची गोळी ३०० मीटर जाईपर्यंत नळीच्या सरळ रेषेपासून पाऊण मीटरहून जास्त खाली येते. रायफल फक्त पाच अंश कललेली असली तर तीच गोळी सात-आठ सेंटिमीटर बाजूला पडते. म्हणून जाणकार दूरच्या भिंतीवर ओळंबा सोडतात, रायफल पाणसळीने समतल करतात आणि दुर्बिणीतली रेघ त्या दोरीशी जुळवतात. टेकूचेही तसेच. कठीण फरशीवर त्याचे पाय उसळतात, मऊ मातीत रुततात, आणि दोन्ही वेळा गोळी वेगळ्या जागी लागते. खांद्याने किंचित पुढे रेटून टेकूवर दरवेळी सारखाच भार ठेवणे, एवढ्या साध्या गोष्टीवर गोळ्यांचा पुंजका लहान होतो की मोठा हे ठरते.

आता बिबवेवाडीतून नैर्ऋत्येकडे, सिंहगडाच्या दिशेने पाहा. त्या गडावर आणि सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर तटाच्या चर्यांमध्ये जंग्या आहेत. जंगी म्हणजे बंदूक रोखण्यासाठी भिंतीत ठेवलेले अरुंद भोक. हौशी पर्यटक तिला झरोका समजतात. पण तिच्यात वाकून पाहिले की कळते, तिचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता आहे, आणि काही ठिकाणी आतल्या एकाच जागेवरून दोन-तीन भोके वेगवेगळ्या दिशांना फुटलेली आहेत. एक दरवाजाच्या वळणावर रोखलेले, एक चढाच्या वाटेवर, एक तटाच्या पायथ्याशी. ज्या गवंड्याने ती बांधली त्याने शत्रू कुठून येणार, किती उंचीवरून त्याच्यावर मारा करायचा आणि नळी कुठे टेकवायची हे सगळे लढाईच्या आधी दगडात बसवून ठेवले होते. गडावर नव्याने आलेला शिपाईही तिथे बसला की त्याची बंदूक आपोआप योग्य जागी रोखली जाई. टेकू आणि शिस्त यांचे याहून पक्के उदाहरण मला ठाऊक नाही.

जिथे भिंत नसे तिथे टेकू सोबत न्यावा लागे. लांब नळीच्या जड बंदुका, ज्यांना जंजाळ म्हणत, त्या हातावर तोलून उडवणे कठीणच; त्या तटावर किंवा खुंट्यावर टेकवीत. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकातले शिपाई जड मस्केटीसाठी दुबेळक्याची काठी खांद्यावर वाहत. अफगाणांच्या जेजाइल बंदुकांनाही तसा आधार लावीत. उंटावरच्या शुतरनाळेमुळे पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांनी काय भोगले ते सर्वांना ठाऊक आहे. ती नाळ खोगिरावरच्या फिरत्या खुंट्यावर बसवलेली असे, आणि उडवताना उंट खाली बसवीत. चालत्या जनावराच्या पाठीवरून नेम लागत नाही, हे त्या गोलंदाजांना पक्के कळलेले होते.

मराठेशाहीतला एक कागद मला महत्त्वाचा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात गडाच्या व्यवस्थेचे प्रकरण आहे. दारूकोठार घरांपासून दूर असावे, दारूला ओल लागू नये, हवालदाराने ठरावीक दिवसांनी दारू आणि बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, असे बारीक हुकूम त्यात आहेत. शौर्याचे गोडवे तिथे नाहीत. राज्यकर्त्याच्या दृष्टीने हत्याराचा भरवसा हा आधीच्या निगराणीतून येतो आणि ती निगराणी नेमून दिलेल्या माणसाने नेमून दिलेल्या दिवशी करायची असते. बंदुकीची शिस्त आणि कारभाराची शिस्त या कागदात एकाच ठिकाणी भेटतात.

यावर इतिहासाचा अभ्यासक दोन आक्षेप घेईल, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की मराठ्यांचे बळ घोडदळात आणि गनिमी काव्यात होते; नेमबाजीचा वारसा त्यांच्या नावावर लावणे म्हणजे आजची आवड मागे नेऊन चिकटवणे. दुसरा असा की तोड्याची बंदूक गुळगुळीत नळीची, तिची गोळी नळीत सैल बसे. शंभर पावलांपलीकडे तिचा भरवसा नव्हता, मग अचूकतेची भाषा कशाला? पहिल्या आक्षेपातले तथ्य मान्य करायला हवे. मैदानात घोडा प्रधान होता. पण राज्य गडांवर उभे होते आणि गड घोड्याने राखता येत नाही. १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यात किल्लेदार मुरारबाजी पडला तो सभासद बखरीप्रमाणे मोगल सरदार दिलेरखानाने स्वतः मारलेल्या तिराने. म्हणजे ज्या अंगठ्याच्या कडीवरून शिस्त हा शब्द आला ती कडी तेव्हा नुसती कोशात नव्हती, रणातही होती. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आक्षेपातच आहे. हत्यार जितके बेभरवशाचे, तितका टेकूचा आणि ठरावीक अंतराचा आधार अधिक लागतो. जंग्या अशा बेतल्या होत्या की मारा जवळच्या, आधी ठरवलेल्या टापूत व्हावा. आपल्या बंदुकीची मर्यादा ओळखून तिच्या आत काम करणे हीसुद्धा अचूकताच आहे, आणि आज ३०० मीटरवर झिरो लावणारा माणूस तत्त्वतः हेच करतो.

नळीला आतून पीळ पाडण्याची युक्ती, जिच्यावरून रायफल हे नावच आले, एकोणिसाव्या शतकात फौजांमध्ये सर्वत्र पसरली, आणि रायफलीवरची दुर्बीणही त्याच शतकात आली. या कथेतला एक दुवा आपल्या बाजूचा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. रायफलीवर बसवता येईल अशी टिकाऊ दुर्बीण बनवणाऱ्या सुरुवातीच्या माणसांपैकी एक, कर्नल डेव्हिड डेव्हिडसन, हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी होता. हे सैन्य म्हणजे पुण्याच्या छावणीत वावरणारे, ज्यात मराठी शिपाई मोठ्या संख्येने होते ते. निवृत्तीनंतर स्कॉटलंडमध्ये त्याने ही दुर्बीण सिद्ध केली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर ती होती. डेव्हिडसनची दुर्बीण नळीच्या वर नव्हती, डाव्या बाजूला होती. त्यामुळे डोळ्याची रेषा आणि गोळीची वाट यांत उंचीचा फरक होताच, आडवा फरकही होता, आणि जुळवणीत हयगय झाली तर यंत्र फुकट. उत्तम भिंग असूनही नीट बसवणीशिवाय ते निरुपयोगी, हे या साधनाच्या जन्मापासूनच लिहिलेले आहे.

मग मराठी माणसाच्या घरातून ही समज नाहीशी झाली कशी? १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी लोकांना परवान्याखेरीज बंदूक बाळगता येईना, तर युरोपियनांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या भेदाविरुद्ध ठराव होत राहिले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे घडवत होता. तिथून थोड्याच मैलांवर, शहराच्या दक्षिण टोकाच्या बिबवेवाडीसारख्या खेड्यात मात्र बंदूक ही पहारेकऱ्याच्या किंवा साहेबाच्या हातातली वस्तू उरली. हत्यार घडवणारे हात इथलेच, ते बसवण्याचे आणि जुळवण्याचे ज्ञान मात्र छावणीच्या कुंपणाआड. हिंदुमहासभेचे नेते डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली ती या तुटीची जाणीव ठेवूनच. त्यांचे राजकारण न पटणाऱ्यांनाही ही तूट नाकारता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, मूळ रत्नागिरीकडचे. सभागृहाची शिस्त आणि बंदुकीची शिस्त या दोन्ही अर्थांची जबाबदारी एका मराठी माणसाकडे आली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा मार्ग बंद केला, आणि नागरी रायफलीला लक्ष्य म्हणून कागदच उरला. हे चांगलेच झाले. जनावराच्या मागे धावण्यात जी अदमासाची सवय होती ती कागदावर चालत नाही.

पुण्याच्या पश्चिमेला पाषाणला असलेली शस्त्रास्त्र संशोधनाची संस्था, एआरडीई, १९५८ मध्ये सुरू झाली. इन्सास मालिकेतली हलकी मशिनगन तिथली, आणि तिच्या नळीखाली दोन पायांचा टेकू आहेच. पण सामान्य पुणेकराच्या दृष्टीने खरा बदल बालेवाडीने घडवला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभारले, आणि तिथल्या रेंजवर महाराष्ट्राच्या नेमबाजांच्या पिढ्या घडल्या. इथे माझ्या मांडणीवर सर्वांत कठीण आक्षेप येतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत ना दुर्बीण चालते ना दोन पायांचा टेकू. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवले, ते या साधनांविना. मग टेकू आणि भिंग ही कच्च्या नेमबाजाची कुबडीच नव्हे का?

या खेळाडूंची बैठक जवळून पाहिली तर उत्तर मिळते. पोटावर पडून नेम धरताना दंडाला बांधलेला पट्टा पुढच्या हातातून ताणून नेतात, म्हणजे रायफलीचा भार स्नायूंवर न पडता हाडांवर पडतो. दोन कोपरे जमिनीत रोवली जातात आणि तोच त्यांचा दोन पायांचा टेकू. गुडघ्यावरच्या स्थितीत घोट्याखाली गुंडाळी असते. डोळ्यापुढच्या छिद्राला बारीक खटके असतात, ते फिरवून गोळ्यांचा पुंजका मध्यावर आणतात, आणि पुढच्या साइटमध्ये रायफल कलू नये म्हणून पाणसळीचा बुडबुडाही बसवता येतो. ५० मीटरवरच्या रायफल लक्ष्याचे दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणाएवढे. ते गाठण्यासाठी हे खेळाडू जे करतात ते टेकू नाकारणे नव्हे, टेकू स्वतःच्या अंगात बांधणे आहे. नियमांनी साधन बदलले, काम तेच राहिले. उलट दुर्बिणीवाल्याने यांच्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे. भिंगातून लक्ष्य मोठे दिसते तशी श्वासाची थरथरही मोठी दिसते, आणि ती थांबवण्याचे सामर्थ्य कुठल्याही भिंगात नाही.

बिबवेवाडीत रेंज नाही. रायफल पेटीत कुलूपबंद करून, काडतुसे वेगळी ठेवून, पोलीस आयुक्तालयाचा परवाना जवळ घेऊन शहर ओलांडत बालेवाडीसारख्या ठिकाणी जावे लागते. पण जुळवणीचा अर्धा भाग रिकाम्या रायफलीवर घरीच होतो, आणि तो करायला बिबवेवाडी अगदी योग्य जागा आहे. मार्केट यार्डापासून अपर इंदिरानगरापर्यंत या उपनगरात गेली कित्येक वर्षे इमारती चढत आहेत, आणि प्रत्येक इमारतीवर गवंड्याच्या हातात ओळंबा असतो. भिंत उभी आहे की नाही हे तो डोळ्याने ठरवत नाही, दोरीला विचारतो. सिंहगडावर जंगी बांधणाऱ्याकडेही दोरी आणि वजनच होते. आज समोरच्या भिंतीवर तीच दोरी सोडून, वजन हलायचे थांबेपर्यंत वाट पाहून, दुर्बिणीतली काळी रेघ तिच्यावर आणायची, कडीचा एक स्क्रू अर्धा फेरा, मग समोरचा अर्धा फेरा, आणि पुन्हा दोरीकडे पाहायचे.