एका कांडीच्या भरवशावर : आयडाहो, ३ जानेवारी १९६१

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, ओसाड माळावर, एसएल-१ ही सैन्याची छोटी प्रायोगिक अणुभट्टी १९५८ पासून चालत होती. आर्क्टिकमधल्या एकाकी रडार ठाण्यांना वीज आणि ऊब देणारी भट्टी मोजक्या सैनिकांना चालवता यावी, यासाठी हा खटाटोप.

२३ डिसेंबर १९६०. देखभालीसाठी भट्टी बंद. गाभ्यातल्या बोरॉनच्या पट्ट्या झडत होत्या. साखळी प्रक्रियेला आवर घालणारा पदार्थच कमी होत चालला होता. ती प्रक्रिया रोखून धरणाऱ्या नियंत्रण कांड्याही अधूनमधून अडकत. हे सगळं माहीत होतं, तरी भट्टी चालवली गेली होती.

३ जानेवारी, दिवसपाळी. न्यूट्रॉनचा प्रवाह मोजण्यासाठी कोबाल्टच्या ४४ तारा गाभ्यात बसवल्या. त्यासाठी कांड्यांची यंत्रणा सोडवून ठेवली होती. आगीचा अलार्म दिवसभरात दोनदा वाजला, दोन्ही वेळा खोटा.

दुपारी ४. दुसरी पाळी. तिघेच जण, तिघेही तिशीच्या आतले, त्यातला एक शिकाऊ. काम यंत्रणा पुन्हा जोडण्याचं. त्यासाठी कांडी हातानं जेमतेम दहा सेंटिमीटर उचलायची.

रात्री ९.०१. मधली, नऊ नंबरची कांडी सुमारे पन्नास सेंटिमीटर वर आली. ती एकटी एवढी वर आली तरी भट्टी बेलगाम होईल, अशीच तिची रचना होती. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात ३ मेगावॅटच्या भट्टीची शक्ती सुमारे २० हजार मेगावॅटवर गेली. गाभ्याजवळच्या पाण्याची क्षणात वाफ झाली, वरचं पाणी झाकणावर आदळलं आणि अख्खं पात्र जागचं उखडून पावणेतीन मीटर उंच उडालं.

कांडी इतकी का ओढली गेली, हे सांगायला कोणी उरलं नाही. पुढे आत्महत्येच्या, प्रेमप्रकरणाच्या वावड्या उठल्या. मेलेल्या माणसांवर दोष ढकलणं सोपं असतं, पण अडकलेली कांडी जोर लावून ओढणं ही कुठल्याही कामगाराची साधी प्रतिक्रिया आहे, आणि या भट्टीत तेवढीच पुरेशी होती.

९.१०. अग्निशामक दल पोचलं. तिसराही खोटाच अलार्म वाटावा अशी शांतता. मगांमधली कॉफी अजून गरम, खुंटीला तीन जाकिटं. जिन्याकडे वळताच किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचा काटा टोकाला जाऊन भिडला.

१०.५०च्या सुमारास. तिघांपैकी एक जण अजून कण्हत होता. जीव धोक्यात घालून आत शिरलेल्या पथकानं त्याला बाहेर काढलं. ११.१४ वाजता तो गेला. छताला खिळलेला तिसरा मृतदेह काढायला ९ जानेवारी उजाडला.

अणुभट्टीच्या अपघातात लगेच माणसं दगावल्याची अमेरिकेतली ही एकमेव घटना. त्यानंतर रचनेचा नियम कडक झाला : कुठलीही एक कांडी पूर्ण बाहेर राहिली, तरी उरलेल्या कांड्यांनी भट्टी बंद राहिलीच पाहिजे. हा नियम कागदावर मांडायला स्फोटाची गरज नव्हती. एसएल-१च्या आराखड्यातच तो असायला हवा होता.