रोजच्या पाच आर्या

कवी भेटला की लोक एक प्रश्न हमखास विचारतात, "तुम्हाला सुचतं कसं?" तरुणपणी मी मोठ्या ऐटीत सांगायचो, "स्फूर्ती आली की लिहितो." या उत्तरापायी माझी दहा वर्षं कोरी गेली. त्या काळातल्या एका वहीच्या पहिल्या पानावर फक्त 'अम्मी' एवढाच शब्द आहे. तिच्यावरची कविता नीट सुचली की लिहू, असं म्हणत राहिलो. अम्मी गेली. वही तशीच राहिली.

वालचंदनगरात वाढलेल्या माणसाला खरं तर हे शोभत नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३०च्या दशकात कळंबच्या परिसरात साखर कारखाना उभा केला आणि त्याभोवती आमचं गाव वसलं. गाव भोंग्यावर चालायचं. अब्बांची पाळी दिवसाची असो की रात्रीची, आज मन लागत नाही म्हणून ते घरी बसल्याचं मला आठवत नाही. हा नियम कवितेला लागू नाही, अशी माझी समजूत होती. ती मोडली आमच्या शेजारच्या एका जुन्या कवीनं, बारामतीच्या मोरोपंतांनी.

मोरोपंत पराडकरांचा जन्म १७२९ सालचा, पन्हाळ्याचा. तिथंच केशव आणि गणेश पाध्ये यांच्यापाशी त्यांचं संस्कृत काव्याचं अध्ययन झालं. अठराव्या शतकाच्या मध्याला ते बारामतीस आले. पेशव्यांचे सोयरे आणि मोठे सावकार बाबूजी नाईक जोशी यांच्या पदरी पुराणिक म्हणून राहिले, आणि १७९४ मध्ये त्यांचं निधन झालं. पुराणिकाचं काम म्हणजे ठरल्या वेळी पोथी उघडायची आणि समोरच्यांना संस्कृतातली कथा मराठीत उलगडून सांगायची. घसा बसलेला असो, श्रोते चारच असोत, अध्याय पुढं न्यावाच लागतो. मला वाटतं, पंतांची स्फूर्ती याच पाटावर बसून आली. रोज जे वाचायचं आणि सांगायचं, तेच महाभारत, भागवत आणि रामायण त्यांच्या आर्यांमधून उतरलं.

त्यांची एकूण रचना पाऊण लाखाच्या घरात जाते, असं मानतात. एकदा बारामतीहून परतताना एस.टी.च्या तिकिटामागं मी हिशेब मांडला. बारामतीतली सुमारे चाळीस वर्षं धरली, तर दिवसाला पाच पद्यं पडतात. पाचच! आकडा ऐकून आधी धीर आला, मग घाम फुटला. कारण हे पाच एका दिवसाचे नाहीत, चाळीस वर्षांतल्या प्रत्येक दिवसाचे आहेत. या काळात १७६१चं पानिपत झालं, १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पण मात्रा मोजणं थांबलं नाही.

मात्रांचं बंधनही साधं नव्हतं. मराठीत आपण जिला आर्या म्हणतो, ती बहुतेक वेळा शास्त्रानं गीती असते. प्रत्येक ओळीत बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा. त्यावर पंत आणखी अटी घालून घेत. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं वर्ज्य आहेत. म्हणजे रामकथा सांगायची, पण 'राम' म्हणायचं नाही! पुढं काहींनी याला शब्दांची कसरत म्हटलं, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून पंतांची बाजू हिरिरीनं मांडली. मला दोघांचंही पटतं. कसरत तर ती आहेच. पण रोज तालीम करणाऱ्या पैलवानाला कुस्तीच्या दिवशी अंग शोधावं लागत नाही.

पंतांची ती कुस्ती म्हणजे उतारवयातली 'केकावली'. केका म्हणजे मोराची हाक. मयूर हे कवीचं नाव. आर्या बाजूला ठेवून पृथ्वी वृत्तात देवाला घातलेली ही साद जेमतेम सव्वाशे श्लोकांची आहे. तिच्यात पांडित्य आहेच, पण एका थकलेल्या माणसाचा कंठही दाटून आलेला ऐकू येतो. आधीच्या हजारो आर्यांचा सराव नसता, तर त्या कंठाला शब्द सापडले असते का?

आणखी एक गोष्ट मला जवळची वाटते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५च्या सुमारास 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. या सूफी कवीबद्दल मोरोपंतांनी आदरानं लिहिलं आहे. घरी दखनी बोलणारा मी मराठीत लिहितो, तेव्हा कुणाच्या अंगणात पाहुणा म्हणून आलोय, असं मला वाटत नाही.

आता फजरची नमाज झाली की मी अर्धा तास वही घेऊन बसतो. पाच जमत नाहीत. दोन ओळी झाल्या तरी पुष्कळ. कित्येक दिवस त्याही खोडाव्या लागतात. पण 'अम्मी' लिहिलेल्या त्या पानाखाली आता अकरा ओळी आहेत. त्यातल्या तीन बऱ्या आहेत. त्या तिला ऐकवता आल्या असत्या, तर बरं झालं असतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)