शंकरपट : वऱ्हाडच्या बैलाची परीक्षा



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा ठेवून श्रोते येतात. आज मी आपणांपुढे बैलाचा इतिहास मांडणार आहे. वऱ्हाडच्या भूमीवर बैलाने जेवढे ओझे वाहिले तेवढे कोणत्याही सरदाराने वाहिलेले नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, ज्या शंकरपटात हा बैल पिढ्यान्पिढ्या लोकांसमोर धावला, त्या पटावर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली आणि २०२३ साली त्याच न्यायालयाने त्याला पुन्हा मान्यता दिली. या अवधीत पट चांगला की वाईट यावर पुष्कळ वाद झाला. पट मुळात कशासाठी होता, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. तो प्रश्न आज आपण विचारू.

आपल्या मंगरूळपीरला जत्रेचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. गावाच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे स्थान, दोन्ही ठिकाणी माणसे लोटतात. अशा मेळाव्यांत देवदर्शन होते, बाजार होतो, सोयरीक जुळते. आणि जेथे शेतकरी जमतात तेथे जनावराची पारख झाल्यावाचून राहत नाही. शिंगे, खांदा, खूर, चाल यांवर बोलत माणसे तासन्‌तास उभी राहतात. शंकरपट ही या पारखीचीच जाहीर परीक्षा होय. शंकराचे वाहन नंदी, म्हणून शर्यतीलाही शंकराचे नाव मिळाले, अशी लोकांची समजूत आहे.

या परीक्षेला एवढी किंमत का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. लोहमार्ग येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलाच्या पाठीवरून बाहेर जाई. बंजाऱ्यांचे तांडे तो लादून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेत. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोचला. रेल्वे आली म्हणजे बैल सुटला, असे कोणास वाटेल. पण घडले उलटेच. मंगरूळ तालुका पूर्वी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून तालुका अकोल्यास जोडला गेला. तो या लोहमार्गापासून दूरच राहिला. शेतापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून स्टेशनापर्यंत कापूस बैलगाडीनेच जाणार होता. जेवढी गिरणी वाढली तेवढी गाडी वाढली, आणि गाडी वाढली तसा चांगल्या जोडीचा भावही वाढला.

शेतातले काम तर होतेच. उन्हाळ्यात वखर, पाऊस पडताच तिफण, मग डवरा, पीक निघाले की गाडी. वर्षभर एकच जोडी. ज्याच्या दावणीला धड जोडी नाही त्याची पेरणी लांबणार, आणि कोरडवाहू मुलखात पेरणी लांबली म्हणजे वर्ष बुडाले. यास्तव जोडी ही शेतकऱ्याची पत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचे, त्या खांद्यावर सावकाराचा विश्वासही टेकलेला असे.

हिवाळ्यात शेतातली घाई ओसरली की पटाचे दिवस येत. आखलेली धाव, हलकी छकडी, कासरा धरून वाकलेला धुरकरी, आणि दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. जोडी सुटते आणि काही क्षणांत संपते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट विदर्भात विशेष नावाजला. तेथे स्त्रियांनीही जोड्या हाकल्या आहेत. पाहणाऱ्याला वेग दिसतो, पण जाणता शेतकरी दुसरेच काही पाहत असतो. दोन बैल एका पायाने निघाले की नाही, एक ओढतो आणि दुसरा नुसता धावतो असे तर होत नाही, धुरकऱ्याचा शब्द जनावर ऐकते की नाही. एकट्या बैलाच्या ताकदीपेक्षा जोडीचा मेळ आणि माणसाची हाकणी तेथे तोलली जाई.

अशी परीक्षा घेणारे आपण एकटेच नव्हतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने १८०७ साली पिट्सफील्ड गावच्या चौकात दोन मेरिनो मेंढ्या उभ्या केल्या. त्या पाहायला जमलेली गर्दी पाहून त्याला शेतकऱ्यांच्या प्रदर्शनाची कल्पना सुचली, आणि तेथून त्या देशातील जिल्ह्याजिल्ह्यांच्या कृषिजत्रांची परंपरा वाढत गेली. त्या जत्रांत घोड्यांच्या जोड्या ओझे ओढण्याच्या चढाओढी करीत. १९२० नंतरच्या दशकात घोड्याची ओढ मोजणारे यंत्रही तेथे आले, आणि १९२९ च्या सुमारास घोड्याच्या जागी ट्रॅक्टर जुंपून तीच चढाओढ सुरू झाली. आपल्याकडे आंध्रात ओंगोल बैल मोठाली शिळा ओढतात, ती परीक्षा याच जातीची. वऱ्हाडचा पट मात्र ओझ्याचा नसून वेगाचा राहिला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. शेताला हवी ती सावकाश, दिवसभर टिकणारी ओढ. पट मागतो तो काही क्षणांचा झपाटा. म्हणजे पट ही शेतीची पुरी परीक्षा कधीच नव्हती. तरीही ती खोटी ठरली नाही, कारण पटाचा बैल आणि औताचा बैल एकाच गोठ्यात वाढत. आज जिंकलेल्या जोडीला उद्या काम करायचे आहे, हे मालकाला ठाऊक असे. त्या जाणिवेनेच त्याचा हात आवरला जाई. सर्वांचाच आवरला जाई असे मात्र नाही. तुतारीची आर बैलाच्या अंगात रुतलेली पाहिलेली माणसे या सभागृहातही असतील.

आता १९५९ आणि १९६० या दोन वर्षांकडे वळू. दिल्लीत १९५९ च्या डिसेंबरात जागतिक कृषी प्रदर्शन उघडले. त्यामागे हात होता तो वऱ्हाडच्याच सुपुत्राचा, पापळ गावी जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांचा, ते केंद्रात शेतीखाते सांभाळीत होते. अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर त्या प्रदर्शनाला आले होते. जगाची शेती यंत्रावर कशी चालते हे भारतीय शेतकऱ्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर एका वर्षाने, १९६० च्या डिसेंबरात, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहाचे ते फळ होते. एका वर्षाने यंत्राचे दार उघडले, दुसऱ्याने दयेचे. बैलाच्या पुढच्या इतिहासाची दोन्ही सूत्रे येथे हाती लागतात.

यंत्राने आपले काम मुकाट्याने केले. ट्रॅक्टर आला, सालदार मिळेनासा झाला, चराईची जमीन आटली. महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे एक कोटी पंचावन्न लाख होती, ती २०१९ मध्ये सुमारे एक कोटी चाळीस लाखांवर आली. पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या कोणत्या गावात घटल्या नाहीत ते सांगा!

कायद्याचा रस्ता गाजावाजाचा होता. प्रदर्शनासाठी शिकवू नयेत अशा अस्वल, माकड, वाघ यांच्या यादीत केंद्र सरकारने २०११ साली बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली स्वतःची दुरुस्ती केली, ती अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी तात्पुरती परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचीही दुरुस्ती ग्राह्य धरली. परवानगी मिळाली ती अटींसह: जिल्हाधिकाऱ्यांची संमती हवी, जनावराची तपासणी हवी, काठी, चाबूक, आर किंवा विजेचा झटका चालणार नाही.

पट परत आला. पण ज्या गोठ्यातून तो निघाला होता तो गोठा परत आला काय? पटाचा बैल आता पुष्कळदा फक्त पटाचाच असतो. औताला तो लागत नाही, कारण औत ट्रॅक्टरमागे आहे. मालकाचा हात आवरणारी जुनी जाणीव त्यामुळे सैल झाली, आणि तिची जागा कायद्याच्या कलमाला घ्यावी लागली. पट बंद करा म्हणणारे बैलाची वेदना पाहतात. पट ठेवा म्हणणारे म्हणतात की शर्यत गेली तर देशी बैल पाळणार कोण. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या मते खरी उणीव अशी की, परीक्षा उरली आणि विषय निघून गेला.

तो विषय थोडाफार परत आणणे आपल्या हाती आहे. जेथे पट भरेल तेथे वखर ओढणाऱ्या, गाडीला चालणाऱ्या कामाच्या जोड्यांनाही बक्षीस असावे. शर्यतीनंतर बैलाचे अंग पाहूनच निकाल जाहीर व्हावा, आणि ज्या अंगावर आरेची खूण दिसेल ती जोडी कितीही वेगाने धावली असली तरी बाद ठरावी. हा निवाडा पोलिसाने करण्यापेक्षा भोवती उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनी करावा. पारख त्यांचीच आहे. आपल्या आजोबांनी बैलाची परीक्षा घेतली. इतःपर पटाच्या मैदानावर परीक्षा होणार आहे ती आपली. तिचा निकाल बैलाच्या अंगावर लिहिलेला असेल, आणि तो वाचणारी माणसे या गावात अजून आहेत.