वाकडं पाऊल आणि हलका हात

आज आपण एका पावलाचा इतिहास पाहणार आहोत. साधारण हजारात एक बाळ असं जन्मतं, की त्याचं पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं. यालाच क्लबफूट म्हणतात. आपल्याकडे अशा वेळी पहिला प्रश्न आईलाच विचारतात : ग्रहण पाळलं नव्हतंस का? ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकू.

उपचाराची मूळ कल्पना फार जुनी. हिपोक्रेटिसच्या नावानं चालत आलेल्या ग्रीक ग्रंथांत लिहिलंय : लवकर सुरुवात करा, पाऊल हातानं हळूहळू वळवा, पट्ट्यांनी बांधा. पुढे १८३१ मध्ये जर्मनीत स्ट्रोमायर यांनी टाचेमागचा आखडलेला टेंडन त्वचेखालून, छोट्या छेदातून कापला. लंडनचे डॉक्टर विल्यम लिटल यांचा पाय लहानपणीच्या आजारानं वाकडा झाला होता. १८३६ मध्ये त्यांनी स्ट्रोमायर यांच्याकडूनच तो सरळ करून घेतला आणि ही विद्या इंग्लंडला नेली.

मग भूल आली, जंतुनाशकं आली आणि शस्त्रक्रिया मोठ्या होत गेल्या. पाऊल दिसायला सरळ व्हायचं. पण पुढे त्याचं काय व्हायचं?

हा प्रश्न इग्नासिओ पोन्सेती यांना पडला. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा हा मुलगा, स्पेनच्या यादवी युद्धातला डॉक्टर. परागंदा होऊन १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवाला पोचला. तिथं शस्त्रक्रिया झालेले जुने रुग्ण त्यांनी तपासले, तर पावलं ताठर, दुखरी. म्हणून त्यांनी वेगळी वाट धरली : दर आठवड्याला पाऊल हळुवार वळवायचं आणि प्लास्टर घालायचं, साधारण पाच-सहा वेळा. बहुतेकांना शेवटी टेंडनला छोटासा छेद, आणि मग पट्टीला जोडलेले बूट.

१९६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. फारसं कुणी ऐकलं नाही! १९९५ मध्ये तीस वर्षांनंतरचे चांगले निष्कर्ष छापून आले, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. त्यातही मोठा वाटा होता इंटरनेटवरून एकमेकांना माहिती देणाऱ्या आईवडिलांचा.

आज आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत क्लबफूटचा समावेश आहे. पण रात्रीचे बूट चार-एक वर्षं घालावे लागतात. मध्येच सोडले, तर पाऊल पुन्हा वळू शकतं. तेव्हा ग्रहणाचं विचारण्यापेक्षा आपण त्या आईला एवढंच विचारूया : प्लास्टर कधी सुरू करायचं? सोबत येऊ का?