हिंदूराव, यमुना आणि दहा घोड्यांची होडी

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये मोकळा रविवार मिळाला की मी उत्तरेकडच्या रिजवर फिरायला जातो. गेल्या खेपेला बरोबर उस्ताद होते. खडकीला मी रिक्रूट असताना मुळेच्या पाण्यात बोट चालवायला त्यांनीच शिकवलं. आता ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठी, बामणोलीच्या अंगाला. मलकागंजला मुलाकडे आले होते. चढ चढून आम्ही हिंदूराव रुग्णालयाजवळच्या अशोकस्तंभापाशी टेकलो आणि उस्तादांनी मोबाइल पुढे केला.

दोन बोटींचे फोटो होते. एक पांढरीशुभ्र, मागे दोन मोठी इंजिनं, तासाला पन्नास किलोमीटर पळणारी. दुसरी अठरा फुटांची साधी फायबरची होडी, मागे दहा एचपीचं एक इंजिन.

"पहिली घेतली तर ग्रॅच्युइटी सगळी जाते, वर कर्ज. दुसरीत निम्मे पैसे उरतात. पोरगं म्हणतंय, पहिलीच घ्या, पर्यटक वेग बघतो. तुला काय वाटतं?"

"उस्ताद, मी काय सांगणार?"

"पोस्टिंगवर बसून इतिहास लिहितोस ना? मग सांग की."

बसलो होतो ती जागाच मदतीला धावली.

हिंदूराव हे नाव दिल्लीत रोज हजारो लोक घेतात, पण हा माणूस आपल्याकडचा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कागलच्या घाटगे घराण्यातला हा सरदार. सर्जेराव घाटग्यांचा मुलगा, दौलतराव शिंद्यांच्या बायजाबाईंचा भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला. त्यानंतर रिजवरचा त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. बंगल्याला त्यांचं नाव पडलं, मग रुग्णालयाला, आणि खालच्या वस्तीला बडा हिंदूराव.

समोरचा स्तंभ त्याहून कितीतरी जुना. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात तो मेरठहून आणवला. पुढे एका स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ मध्ये ते जोडून पुन्हा उभे केले. फिरोजशाहाने आणलेला दुसरा स्तंभ आज कोटल्यात आहे. तो टोपऱ्याहून कसा आला याचं वर्णन अफीफ या इतिहासकाराने करून ठेवलंय. ४२ चाकांच्या गाड्यावरून तो यमुनेपर्यंत ओढत आणला आणि तिथून मोठ्या नावांवर चढवून दिल्लीला उतरवला. जमिनीवर ज्याला हजारो माणसं लागली, ते ओझं पाण्याने सहज वाहून आणलं. उस्तादांना म्हटलं, "पाण्यावर ताकद कमी लागते, हे इथल्या लोकांना सहाशे वर्षांपूर्वीच कळलं होतं."

आपल्या लोकांना मात्र या नदीने रडवलं. रिजच्या उत्तरेला बुराडी आहे. १० जानेवारी १७६० ला, संक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी शिंदे तिथेच पडले. त्यांचं शेवटचं उत्तर प्रत्येक मराठी माणसाला पाठ असतं, पण त्याआधीचं वर्ष आपण विसरतो. १७५९ चा पावसाळा दत्ताजींनी गंगाकाठी शुक्रतालला काढला. नजीबखानाने गंगेवर नावांचा पूल बांधून देण्याचं कबूल केलं होतं. तो आज-उद्या करत राहिला आणि पूल झालाच नाही. तेवढ्यात अब्दाली उतरला. बुराडीला यमुनेच्या पात्रात बेटं होती, दाट वेत-शेरणी होती. त्या आडोशाने रोहिले बंदुका घेऊन आले आणि भाले-तलवारीच्या घोडदळाला गोळ्या झेलाव्या लागल्या.

पुढच्या पावसाळ्यात भाऊसाहेब दिल्लीत होते. अब्दाली यमुनेच्या पलीकडे, मध्ये फुगलेली नदी. इटाव्याकडे नावा जमवून पूल बांधा, म्हणून भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना पत्रांवर पत्रं धाडली. पुरेशा नावा जमल्या नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दालीच बागपताजवळ उतार शोधून अलीकडे आला आणि पानिपतावर आपली वाट अडली. पानिपतच्या पराभवाला पुष्कळ कारणं आहेत. त्यांतलं एक असं की हजारो घोडी असलेल्या फौजेकडे हुकमी नावा नव्हत्या.

आपल्या मालकीची नसलेली नाव वेळेला मिळत नाही. १८५७ मध्ये हेच उलट बाजूने दिसतं. ११ मे रोजी मेरठचे शिपाई दिल्लीत आले ते यमुनेवरच्या नावांच्या पुलाने. जुलैच्या सुरुवातीला बख्तखानाची बरेली ब्रिगेड त्याच पुलावरून आत आली. या बंगल्याभोवती मोर्चे बांधून बसलेले इंग्रज आणि गुरखे ती वरून नुसती बघत राहिले. एकमेकींना बांधलेल्या साध्या नावांनी वेढ्यातलं शहर जागतं ठेवलं.

"बरं, नाव आपली पाहिजे," उस्ताद म्हणाले. "पण पहिली बोटही आपलीच असेल की."

इथून गोष्ट इंजिनावर आली. ओल एव्हिनरूड या अमेरिकन कारागिराने १९०९ मध्ये होडीच्या मागे अडकवायचं इंजिन बाजारात आणलं, तेव्हा त्याची ताकद होती जेमतेम दीड अश्वशक्ती आणि वजन ६२ पौंड. म्हणजे एक माणूस खांद्यावर मारून घेऊन जाईल, कुठल्याही होडीला लावेल आणि काम झालं की काढून घरी नेईल. आमच्या फौजेतला ओबीएम त्याच घराण्यातला.

पण इंजिन वेळेला सुरू झालं नाही तर काय होतं? १४ फेब्रुवारी १९४५, ब्रह्मदेशात न्यांगूजवळ इरावती. पाण्याची रुंदी मैलाच्या पुढे. सातव्या भारतीय डिव्हिजनची पहिली कंपनी रात्री वल्ही मारत गुपचूप पार झाली. मागून साउथ लँकशायर पलटण इंजिनाच्या बोटींत निघाली आणि घोटाळा झाला. काही इंजिनं सुरू होईनात, काही बोटी गळू लागल्या, प्रवाहाने त्यांना खाली ओढलं आणि जपानी मशीनगनसमोर नेऊन सोडलं. त्याच दिवशी पुढे ४/१५ पंजाब पार झाली आणि ठाणं टिकलं. पण भर नदीत बंद पडलेलं इंजिन हे निव्वळ ओझं असतं, हा धडा त्या सकाळी बोटीतल्या जवानांनी किंमत मोजून घेतला.

खडकीत उस्ताद आम्हाला ओबीएम डोळे बांधून उघडायला लावायचे. प्लग, पेट्रोलची नळी, पंख्याची पिन. इंजिनातून थंड पाण्याची बारीक धार बाहेर पडते की नाही, ती आधी बघायची. धार बंद तर इंजिन बंद. पंखा दगडावर आपटला की पिन तुटते आणि इंजिन वाचतं, म्हणून खिशात जादा पिन हवीच. हे सगळं एका पान्यावर आणि पक्कडीवर होतं.

"उस्ताद, दहा एचपीचं इंजिन साधारण चाळीस किलोचं. ते तुम्ही आणि मुलगा उचलून घरी न्याल. ते दोन राक्षस बिघडले तर मेकॅनिक कुठून येणार?"

"साताऱ्याहून. आला तर."

मग आम्ही हिशेब मांडला. पाणी कापत चालणारी होडी स्वतःच्या लाटेत अडकते आणि तिच्या वेगाला तिची लांबीच मर्यादा घालते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा, की नॉट्समध्ये वेग मिळतो. १६ फुटांना साधारण ५.४ नॉट्स, म्हणजे तासाला दहा किलोमीटर. एवढ्या वेगाला थोडीशीच ताकद पुरते. त्यापुढे जायचं तर होडीला पाण्यातून उचलून पृष्ठभागावर पळवावं लागतं आणि तिथे पेट्रोलची टाकी भोक पडल्यासारखी रिकामी होते. दहा एचपीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला चारेक लिटर पितं, अर्ध्या जोरात बरंच कमी. शंभर-शंभर एचपीची दोन इंजिनं पूर्ण जोरात सत्तरच्या आसपास.

शिवसागरात धावून धावून जाणार कुठे? कोयनेचं धरण साठच्या दशकात झालं. १०५ टीएमसी पाण्याखाली गावं गेली, रस्ते गेले, आणि उरलेल्या वाड्यांची एसटी म्हणजे लाँच झाली. आज त्याच पाण्यातून लोक वासोट्याला जातात. बामणोलीहून पायथ्यापर्यंत तासा-दीड तासाचा प्रवास. दोन्ही बाजूला जंगल, समोर डोंगर. ते बघायलाच माणूस येतो. पन्नासच्या वेगाने त्याला तोंडावर उडणाऱ्या पाण्याशिवाय काही दिसायचं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर नुसता गाळ. तिथे फूटभर पाण्यात तरंगणारी हलकी होडी लागते, जी चार जण ढकलून वर घेतील.

एका गोष्टीवर मात्र मी उस्तादांना अडवलं. साधी होडी म्हणजे बेफिकीर होडी नव्हे. ८ ऑगस्ट २०१९ ला, सांगलीच्या महापुरात, ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि गावकऱ्यांचे जीव गेले. छोट्या होडीला "अजून दोघं" हे शब्द चालत नाहीत.

"ते तू मला शिकवू नकोस," उस्ताद तोडून बोलले. मग जरा थांबून म्हणाले, "पण पोराला सांगायला पाहिजे. काठावर नात्यातला माणूस उभा असला की नाही म्हणता येत नाही त्याला."

तिथून आम्ही रिक्षाने जगतपूरकडे गेलो. बुराडीच्या शेजारचा हा यमुनाकाठ. सोनिया विहार ते जगतपूर या पट्ट्यात पर्यटकांसाठी बोटी चालवण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. त्याही लढाऊ वेगाच्या नाहीत. सौरऊर्जेवर आणि विजेवर संथ चालणाऱ्या, वीस-तीस माणसांच्या छोट्या बोटी ठरल्या आहेत. दत्ताजी जिथे पडले त्या पाण्यावर उद्या मुलं बिस्किटं खात फिरतील. उस्तादांनी काठावर उभं राहून कपाळाला हात लावला. सॅल्यूट होता की नमस्कार, ते मी विचारलं नाही.

परतताना त्यांनी मुलाला फोन लावला. पलीकडून बराच आवाज चढला होता. उस्ताद ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "छोटीच घेतोय. उरलेल्या पैशांत पहिलं काम म्हणजे माणशी एक लाइफ जॅकेट. आणि होडीच्या दोन्ही अंगांना मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं, किती माणसं बसणार ते. रंगवायला मी स्वतः बसणार आहे."