दिवा गेला की वीज गेली? : पडद्यामागच्या दुरुस्तीचा इतिहास

(अंतरवाली सराटी, जि. जालना येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे तुमचं गाव देशभरातल्या टीव्हीच्या पडद्यावर दिसलं. त्या प्रश्नावर मी आज बोलणार नाही, तो तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी बोलणार आहे पडद्याविषयीच, पण त्याच्या मागच्या बाजूविषयी. पडद्यावर जे दिसतं त्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. मात्र पडदा अचानक काळा पडला की जो माणूस धावत मशीनकडे जातो, त्याचा इतिहास जवळजवळ कोणी लिहिलेला नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तरी सांगतो, कार्यकारणभाव म्हणजे काय हे पाहायचं असेल तर अशा माणसाचं काम पाहावं.

आधी थोडं मागं जाऊ. आपल्या महाराष्ट्रात चित्र पडद्यावर टाकण्याची सुरुवात सिनेमाच्या आधीची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. म्हणजे काय, तर मॅजिक लँटर्न. काचेच्या पट्ट्यांवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पांढरं कापड. त्यानंतर चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसानं हलती चित्रं दाखवली. काचेच्या जागी फिल्म आली, स्थिर चित्र हलू लागलं. पण मांडणी तीच राहिली : दिवा, चित्र, भिंग, पडदा. आज शाळेत जो प्रोजेक्टर आहे, किंवा दिवाणखान्यात जो मोठा प्रोजेक्शन टीव्ही असायचा, त्यांचीही मांडणी हीच आहे.

आता या चारांपैकी सगळ्यांत जास्त त्रास देणारा घटक कोणता? दिवा. कारण लहान चित्र मोठं करायचं म्हणजे तेवढाच उजेड मोठ्या जागेवर पसरायचा. म्हणून तो मुळातच फार प्रखर लागतो आणि प्रखर उजेड म्हणजे प्रचंड उष्णता. हा उजेड धोक्याचाही असे. मे १८९७मध्ये पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमाचा खेळ चालू होता. तिथं वीज नव्हती, मशीनचा दिवा इथर आणि ऑक्सिजनवर चालायचा. दिव्यात इथर भरलं जात असताना काडी ओढली गेली, वाफेनं पेट घेतला आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. इतिहासात ही आग सिनेमाच्या नावावर नोंदली जाते. वास्तविक ती दिव्याची आग होती.

पुढे बराच काळ राज्य केलं ते कार्बन आर्कनं. इथं बसलेल्या वडीलधाऱ्यांना टुरिंग टॉकीज आठवत असेल. जत्रेत तंबू पडायचा, मागे ट्रकवर किंवा ट्रकशेजारी जनरेटर धडधडायचा. मशीनच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या असत. त्या क्षणभर एकमेकींना टेकवायच्या आणि लगेच जराशा दूर करायच्या, की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत उभी राहायची. या आर्कला डीसी लागते, म्हणून जनरेटर डीसी नसेल तर मध्ये रेक्टिफायर. आणि या ज्योतीचा स्वभाव असा, की मोकळी सोडली तर ती अधिकाधिक करंट ओढत जाते. तिला आवरायला सोबत रेझिस्टन्स लावावाच लागतो. त्याला बॅलास्ट म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

कांड्या जळून आखूड होत, फट वाढे, पडदा पिवळट पडे. मग ऑपरेटर काळ्या काचेतून आत बघत कांड्या पुढे सरकवी. पब्लिक शिट्ट्या मारायचं. त्या शिट्ट्यांच्या गदारोळात तो माणूस काय करत होता, हे नीट बघा. चित्र मंद झालं, आवाज मात्र ठीक आहे, तर जनरेटर ठीक असणार; म्हणजे दोष कार्बनमध्ये. चित्रही मंद आणि आवाजही रडका, तर दोष मागे, जनरेटरकडे. चित्र झकास, पण आवाज गायब, तर काय? इथं गंमत आहे. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी छापलेली असते आणि ती वाचायला आणखी एक छोटा दिवा असतो, एक्सायटर लॅम्प. त्याचा उजेड पट्टीतून पलीकडच्या फोटोसेलवर पडतो आणि त्यातून आवाज होतो. १९३१ला ‘आलम आरा’ आला, १९३२ला प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हापासून ऑपरेटरला दोन दिव्यांची काळजी आली. आवाज गेला म्हणून स्पीकर उघडून बसणारा नवशिका आणि आधी छोट्या दिव्याकडे बघणारा जाणता, हा फरक कुठल्या पुस्तकातून आला नव्हता.

आपल्या न्यायशास्त्रात याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. अमुक असेल तर तमुक असतं, हा अन्वय. अमुक नसेल तर तमुक नसतं, हा व्यतिरेक. धूर आणि अग्नीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच जातीच्या पद्धती मांडल्या. मी विद्यार्थ्यांना हे फळ्यावर शिकवायचो. तंबूतला ऑपरेटर ते अंधारात, हात भाजत, दोन मिनिटांत करायचा. फळ्यावर चूक झाली तर गुण जातात. तिथं चूक झाली तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतात.

आपल्या मराठवाड्यात या कामाला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. खेड्यात वीज नव्हतीच. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं १९६०ला. खांब गावागावांत पोहोचायला त्यापुढं बरीच वर्षं गेली. त्यामुळे तंबूवाला आपली वीज आपणच घेऊन यायचा. म्हणजे पडदा काळा पडला तर कारण त्याच्या हातातच कुठंतरी असायचं : डिझेल, जनरेटर, रेक्टिफायर, कार्बन. खांब आले, तसं कारण त्याच्या हाताबाहेर गेलं. डीपी जळाली, एक फेज गेला, न्यूट्रल सुटला, व्होल्टेज कधी दीडशे तर कधी अडीचशेच्या वर. वीज आली, म्हणजे प्रश्न सुटला असं आपण समजतो. दुरुस्तीच्या दृष्टीनं प्रश्न लांब गेला.

हे दूरदर्शनच्या बाबतीतही दिसतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. १९७५-७६मध्ये ‘साइट’ नावाचा उपग्रहाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही बसवले. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपल्यासारखंच जुन्या निजामी राज्यातलं गुलबर्गा, रायचूर होतं. त्या प्रयोगाचं कौतुक उपग्रहासाठी होतं. मला कौतुक वाटतं ते याचं, की संच बसवतानाच दुरुस्तीची व्यवस्थाही आखलेली होती. संच देणं हा एका दिवसाचा समारंभ असतो, तो चालू ठेवणं हे रोजचं काम आहे.

आता प्रोजेक्शन टीव्हीकडे येऊ. सुरुवातीच्या संचांत लाल, हिरवी, निळी अशा तीन पिक्चर ट्यूब असत. पुढे त्या जागी एकच दिवा आणि समोर एलसीडी किंवा डीएलपीची चिप आली. ही डीएलपीची कल्पना १९८७ची, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकची : नखाएवढ्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे. आणि दिवा होता पाऱ्याच्या वाफेचा, फिलिप्सनं १९९५च्या सुमारास आणलेला. त्यात दोन टोकांमधली फट असते साधारण एक मिलिमीटर आणि आत दाब असतो हवेच्या दोनशे पटींच्या आसपास. म्हणजे बघा, तंबूतला कार्बन आर्कच बोराएवढा होऊन काचेच्या कुपीत बसला! त्याला पेटवायला काही हजार व्होल्टचा झटका लागतो आणि पेटल्यावर आवरायला तोच आपला जुना बॅलास्ट. फक्त आता तो इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या रूपात आला.

असा संच बंद पडला की पहिला निकाल काय लागतो? ‘दिवा गेला.’ माझ्या माहितीतल्या एका संस्थेत असा मोठा टीव्ही होता. तो सुरू व्हायचा आणि दहा मिनिटांत बंद पडायचा. समितीनं ठराव करून दिवा बदलला. पुन्हा तेच. पुन्हा ठराव, पुन्हा दिवा. त्या वेळी एकेक दिवा काही हजारांचा. शेवटी तालुक्याच्या गावचा एक रेडिओ मेकॅनिक आला. त्यानं दिव्याला हातच लावला नाही. विचारलं, ‘सर, हा सुरूच होत नाही, का सुरू होऊन बंद पडतो?’ सगळं निदान त्या प्रश्नात होतं. दहा मिनिटं नीट उजेड देणारा दिवा मेलेला कसा असेल? त्यानं मागची जाळी काढली. धुळीचा नमदा बसलेला. पंखा फिरत होता, पण हवा जात नव्हती. आतली उष्णता वाढली की संच स्वतःला वाचवायला बंद पडत होता. ब्रशनं धूळ काढली, संच चालू झाला.

त्या माणसाची विचाराची साखळी मी नंतर त्याच्याकडून समजून घेतली. संचावरचा छोटा लाल दिवाही लागत नाही, तर आधी भिंतीतला प्लग, वायर, फ्यूज, मग आतला पॉवर सप्लाय. छोटा दिवा लागतो, पंखे फिरतात, टिकटिक ऐकू येते, पण उजेड नाही, तर दिवा किंवा बॅलास्ट. टिकटिकही नाही, तर दिव्याच्या झाकणाचा स्विच नीट दाबला गेलाय का पाहा, कारण झाकण उघडं असेल तर संच दिवा पेटवतच नाही. पॉवर सप्लायच्या बोर्डावर एखाद्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं, तर चोर बहुतेक तिथं. हे बघताना मात्र जपून. संच बंद केला तरी त्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज राहू शकते. दिवाही गरम असताना हाताळायचा नाही. फुटला तर आत पारा आहे.

त्याच्या दुकानात मी सिरीज बोर्ड पाहिला. साधा शंभर वॉटचा बल्ब, बिघडलेल्या यंत्राच्या वाटेत जोडलेला. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटून राहतो. पॉवर सप्लाय धड असेल तर एकदा चमकतो आणि मंद होतो. बल्बकडे पाहून तो यंत्राचं पोट ओळखायचा. नागार्जुनानं विचारलं होतं, दिवा स्वतःला प्रकाशित करतो का? वाद मोठा आहे, त्यात आज जात नाही. पण या दुकानातलं उत्तर असं होतं : एका दिव्याचा दोष कळायला दुसरा दिवा लागतो.

आणखी एक मुद्दा, जो आपल्या भागाशी थेट बांधलेला आहे. हा पाऱ्याचा दिवा बंद करताना पंखे थोडा वेळ फिरत राहतात, त्याला सावकाश थंड करतात. लाईट अचानक गेली की पंखेही थांबतात. गरम कुपी तशीच आतल्या आत तापत राहते. लगेच लाईट आली आणि बटण दाबलं, तर आतला दाब एवढा असतो की तो पेटतच नाही. आपण म्हणतो, ‘दिवा गेला.’ तो गेलेला नसतो, त्याला थोडा वेळ हवा असतो. असे धक्के बसत राहिले की मात्र खरंच आयुष्य कमी होतं. २००५नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. ज्या देशात वीज जात नाही तिथं बसून कागदावर लिहिलेलं दिव्याचं आयुष्य आपल्याकडे पुरं कसं होणार?

२०१५नंतर आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करण्याची मोठी लाट आली. लोकवर्गणी झाली, गोरगरिबांनी पैसे दिले, प्रोजेक्टर आले. त्यांतले किती आज कपाटात आहेत, हे प्रत्येकानं आपापल्या गावात पाहावं. काहींचा दिवा गेला असेल. काहींची फक्त जाळी तुंबली असेल. काही शाळांची वीजबिल थकलं म्हणून जोडणीच तोडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तिन्ही ठिकाणी पडदा सारखाच काळा दिसतो. पण तीन कारणांना तीन उपाय आहेत आणि कारण न शोधता लिहिलेला ‘नादुरुस्त’ हा एक शब्द तिन्ही उपाय बंद करतो. त्यात मुलांचं नुकसान होतं आणि वर्गणी देणाऱ्याचा विश्वास जातो. पुढच्या वेळी तो पैसे कशाला देईल?

टुरिंग टॉकीजवर मराठीत सिनेमा निघाला. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा आपल्याकडच्या तंबूवाल्यांवरचा माहितीपट २०१६ला कान महोत्सवात दाखवला गेला. त्यात मशीन दुरुस्त करणारा कारागीरही आहे, ही समाधानाची गोष्ट. पण एका माहितीपटानं भागत नाही. रीळं गेली, कार्बन गेले. आता लेझर आणि एलईडीचे प्रोजेक्टर येताहेत, त्यात बदलायचा दिवाच नाही. दोष मग पॉवर सप्लायकडे सरकतो, नाहीसा होत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. शिक्षकांनी शाळेत एक वही ठेवावी. यंत्र बंद पडलं की तारीख, त्या वेळी लाईट कशी होती, छोटा दिवा लागला का, पंखा फिरला का, आवाज आला का, एवढंच लिहावं. आणि तरुणांनो, पंचक्रोशीत जुना ऑपरेटर, जुना रेडिओ मेकॅनिक असेल तर त्याच्याजवळ बसा, मोबाईलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा. नाव विचारा, गाव विचारा, पहिला बिघाड कोणता काढला ते विचारा. मराठवाड्याच्या इतिहासाची ती कागदपत्रंच आहेत, आणि ती जपायची तर घाई करायला हवी.

इथंच थांबतो. तुमच्या शाळेतला प्रोजेक्टर बंद आहे असं मघाशी मुख्याध्यापकांनी सांगितलं. व्याख्यानानंतर तो बाहेर काढू या. आधी जाळी बघू, दिवा शेवटी.