गुळगुळीत चौकटीची किंमत : शिशाचा सफेदा आणि रंगारी (थ्रेड)

१/ दाराची चौकट आणि भिंतीच्या पायथ्याची लाकडी पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, हाताला काचेसारखी गुळगुळीत लागावी, हा युरोपीय घरांचा जुना आग्रह. त्यापायी रंगाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी आरोग्य गमावले.

२/ या कामाचा मुख्य रंग होता शिशाचा सफेदा. जवसाच्या तेलात घोटलेला सफेदा लाकडाला घट्ट धरतो, खालचे डाग झाकतो आणि वाळल्यावरही काहीसा लवचीक राहतो. ऋतुमानानुसार लाकूड फुगले-आकसले तरी तो सहज तडकत नाही.

३/ तो तयार करण्याची प्रसिद्ध रीत डच. मातीच्या भांड्यांत व्हिनेगर, त्यावर शिशाच्या पट्ट्या आणि भोवती घोड्याची लीद. लिदीची ऊब आणि तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड यांमुळे काही आठवड्यांत शिशावर पांढरा थर चढे.

४/ खरा धोका मात्र सफाईत होता. खाचांत लांबी भरायची, अस्तर द्यायचे, मग रंगाचा एकेक हात. आणि प्रत्येक हात वाळला की तो घासायचा. कोरड्या घासण्याने उडणारी शिशाची धूळ श्वासातून आणि जेवणाऱ्या हातांतून शरीरात जाई. पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, अखेरीस लुळे पडलेले मनगट. ज्या हाताने सफाई आणली, तोच हात निकामी होई.

५/ पर्याय नव्हता असे नाही. १८४० च्या दशकात पॅरिसचे रंगकाम ठेकेदार जाँ लक्लेर यांनी जस्ताचा सफेदा वापरात आणला. कामगारांना नफ्यात वाटा देणारे म्हणूनही ते ओळखले जातात. पण जस्ताचा सफेदा तितका झाकत नसे, आणि शिशाचे उत्पादक बलवान होते.

६/ फ्रान्सने १९०९ मध्ये रंगकामात शिशाच्या सफेद्यावर बंदी घालणारा कायदा केला. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या अंतर्गत रंगकामात, काही अपवाद सोडून, त्यास मनाई करणारा करार स्वीकारला. कोरडे घासणे आणि खरवडणे यांतून उडणाऱ्या धुळीचा उल्लेख त्यात स्वतंत्रपणे आहे.

७/ त्याच वर्षी अमेरिकेतील थ्री-एम कंपनीने पाण्यात न विरघळणारा घासकागद बाजारात आणला. आपल्याकडचे रंगारी ज्याला ‘वॉटर पेपर’ म्हणतात, तो याच जातीचा. मोटारींच्या रंगकामात तो गाजला. ओल्या घासण्याने धूळ उडत नाही, हा त्याचा मोठा गुण. ब्रिटनने १९२६ मध्ये सफेद्यावर सरसकट बंदी घातली नाही. कोरड्या घासण्यास मात्र मनाई केली.

८/ दरम्यान बळींची दुसरी रांग उभी राहिली होती : मुले. ब्रिस्बेनचे नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्येच रंगवलेल्या कठड्यांकडे बोट दाखवले. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये कायदा केला. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर बंदी घातली ती १९७८ मध्ये. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० ठरवली.

९/ बंदीने नवा रंग बदलतो; जुना थर जागेवरच राहतो. म्हणून जुन्या वास्तूची चौकट नव्याने रंगवताना १९२१ चा तो इशारा आजही लागू आहे : कोरडे घासू नये.